बाबांना आडवंच न्यायचंय

बाबा मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला गेले आणि साडेदहाला अंत्यविधीच्या कार्यालयातला माणूस आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसला. काळा कोट, मांडीवर फाइल, आणि आवाज इतका मऊ की दर वाक्याला मला "काय?" म्हणावं लागत होतं. मी मनातल्या मनात त्याचं नाव मऊसाहेब ठेवून टाकलं. आठ महिने आजारपण काढलेल्या घरात कुणी दबक्या आवाजात बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. डॉक्टरही तसेच बोलायचे.

"तुम्ही कसलीही काळजी करू नका," मऊसाहेब म्हणाले. "सगळं आम्ही बघतो. तुम्ही फक्त सही करा."

आता हे वाक्य माझ्यापुढे बोलायचं म्हणजे कमालच झाली. आमचा धंदा सामान हलवण्याचा. घरं हलवतो, कचेऱ्या हलवतो, एकदा तर दातांचं अख्खं इस्पितळ खुर्च्यांसकट हलवलं. बाबांनी आणि काकाने एका हातगाडीवर सुरुवात केली, आज दोन ट्रक आहेत, आणि ऑफिस बावीस वर्षं मी सांभाळते. बावीस वर्षं मी फोनवर लोकांना हेच सांगत आलेय, काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो. त्या वाक्यात काय काय राहून जातं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"खाली कसं नेणार?" मी विचारलं.

"आमची माणसं येतात. प्रशिक्षित आहेत."

"ते झालं. चौथा मजला आहे, लिफ्ट तीन माणसांची आहे, जिना चार फुटी आहे. कसं नेणार?"

मऊसाहेबांनी फाइल मिटली. स्ट्रेचर आणतात, पट्टे बांधतात, खाली गेल्यावर शवपेटीत ठेवतात. वळणावर स्ट्रेचर जरासं कलतं करावं लागतं, एवढंच.

"जरासं म्हणजे किती?"

त्यांनी तळहात आडवा धरला आणि हळूहळू कलता केला. कलता करता करता तो जवळजवळ उभाच झाला. आई खिडकीपाशी बसली होती, सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "उभे नाही जायचे ते."

मऊसाहेब काहीतरी बोलायला गेले.

"आठ महिने त्यांना उभं राहता येत नव्हतं," आई म्हणाली. "तुम्ही लोकांनी आता उभं करू नका. आडवंच न्या."

झालं. आईने असं म्हटल्यावर विषय संपतो. आणि तसंही ते आमच्या धंद्याचं पहिलं कलम आहे. फ्रिज उभा, आरसा उभा, आणि जे आडवं आहे ते आडवंच न्यायचं. बाबा नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे.

"पेटी वर पाठवा," मी मऊसाहेबांना म्हटलं. "अंत्यदर्शनाचा हॉल तुमचा, गुरुवारी अकरा वाजता, ते ठरलं. फुलंही तुमची. बाकी चौथ्या मजल्यापासून हॉलच्या चौथऱ्यापर्यंत आम्ही नेऊ. आमच्याच ट्रकमधून."

"ताई, भरलेली पेटी या जिन्यावरून, आडवी..." ते दाराकडे बघत म्हणाले. "फार अवघड आहे."

"तुम्हाला," मी म्हटलं. जरा उद्धटपणा झाला, पण त्या दिवसात तेवढंच वाक्य बोलून मला बरं वाटलं.

ते गेल्यावर मी आमचा नेहमीचा कागद काढला. प्रत्येक कामाचा एक कागद असतो. पत्ता, मजला, जिना, वळणं, अडचणी, माणसं, गाडी. टेप घेऊन चारही मजले उतरले आणि मोजून आले. बाबा अंथरुणाला खिळायच्या आधीपासून जागा बघून यायचं काम माझंच होतं. दारातून कपाट जाईल की नाही ते मी नुसत्या नजरेने सांगते आणि बावीस वर्षांत तीनदाच चुकलेय. मजला चौथा. वळणं सात. जिना चार फुटी. अडचण एकच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीतून बाहेर आलेली आगीच्या नळाची लाल पेटी. मग "सामान" असा रकाना आला. तिथे पेन थांबलं. काय लिहिणार? मी "बाबा" लिहिलं आणि मग तिथेच टेबलावर डोकं ठेवून पाच मिनिटं पोटभर रडून घेतलं. नवऱ्याने पाणी आणून ठेवलं आणि शहाण्यासारखा निघून गेला.

शेवटचा रकाना "हाळी". म्हणजे असं, की जड सामान जिन्यावरून उतरतं तेव्हा वाहणाऱ्यांना पुढचं काहीच दिसत नाही. एक माणूस सामानाच्या पुढे, उलट्या पावली उतरतो आणि सांगत जातो. पायरी. थांबा. डावे वर. वळण. त्याने सामानाला हात लावायचा नसतो, फक्त बघायचं आणि बोलायचं. हाळी म्हणतात खरं, पण ओरडायचं अजिबात नाही. आमच्याकडे तीस वर्षं हाळी बाबांचीच. त्यांच्या आवाजावर माणसं डोळे मिटून पाऊल टाकायची.

पंचविशीत मी एकदा बाबांना म्हटलं होतं, मला हाळी द्यायचीय. त्यांनी हसून वगैरे नाही टाळलं. नीट बसवून सांगितलं, "तुला सगळं कळतं. पण तू चिडलीस की तुझा आवाज चढतो, आणि हाळीचा आवाज चढला की वाहणारी माणसं घाबरतात. घाबरलेल्या माणसाच्या हातातून सामान सुटतं." मी तेव्हाही चिडलेच, आणि आवाजही चढला. त्यानंतर बाबांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण मनातून गेला होता असं नाही. तो रकाना समोर आल्यावर मी पेन न थांबवता लिहिलं, "मी".

बाबांना खाली मी नेणार होते. मला तेवढंच हवं होतं, दुसरं काहीही नको होतं.

काका दुपारी आला. बाबांच्या खोलीत अर्धा तास बसला, बाहेर आला, तोंड धुतलं आणि टेबलावरचा कागद उचलला. काका बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, छाती अजून दाराएवढी, उजवा गुडघा मात्र कामातून गेलेला.

"लंबू आणि ड्रायव्हर पुढे, बरोबर," तो आमच्या माणसांची नावं वाचत होता. "जुळे मध्ये. मागे मी आणि... जावईबापू?"

"तोच. माणूस कमी पडतोय."

"गणिताचा मास्तर जिन्यावर?"

"मोजून पावलं टाकेल," मी म्हटलं.

काका हसला आणि शेवटच्या रकान्यापाशी आला. हसू गेलं. "हे काय?"

"काय ते लिहिलंय."

"हाळी मी देणार."

"काका, तू मागच्या कोपऱ्यात आहेस."

"मागच्या कोपऱ्यात दुसरा उभा कर. दादाला खाली मी नेणार. आम्ही दोघांनी हातगाडी ओढलीय, तू तेव्हा जन्मालाही आली नव्हतीस. आणि ज्या हाताला कधी वजन माहीत नाही त्याने कसली हाळी द्यायची?"

"बघायला डोळे लागतात, हात नाही."

"मला शिकवू नको!"

"मग तू मला अडवू नको!" माझा आवाज चढला. स्वच्छ चढला. काकाने नुसता कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्याला काय म्हणायचंय ते मला न बोलता कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

आई आतल्या दारात आली. "भाऊजी, तुमचं काय ते उद्या जिन्यावर ठरवा," ती म्हणाली. "त्यांच्या उशाशी नको."

जिन्यावर म्हणजे जिन्यावर. बुधवारी सकाळी नऊ वाजता आम्ही रंगीत तालीम केली. कुणाला विचित्र वाटेल, पण आम्ही पियानो हलवायचा असला तरी आधी खोका फिरवून बघतो, मग बाबांना काय तसेच नेणार? बाहेरच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट सव्वासहा फुटी, पेटीही तेवढीच. पुस्तकं तशीच ठेवली, दारं बांधली, कपाट आडवं पाडलं. सहा माणसं लागली. लंबू पुढे, त्याच्या बरोबरीने ड्रायव्हर. हे दोघे खालच्या पायऱ्यांवर, म्हणून उंच धरायचं. मागचे वरच्या पायऱ्यांवर, म्हणून हात खाली सोडून धरायचं. म्हणजे वस्तू सपाट राहते. जुळे मध्ये. जुळे सख्खे भाऊ, एकासारखे एक, आणि दिवसभरात एकमेकांशी भांडणाखेरीज काही बोलत नाहीत. मागे नवरा. आणि काकाच्या जागी त्या दिवसापुरता खालच्या मजल्यावरचा व्यायामवाला शेजारी, कारण काका हाळीला उभा होता. मी हट्ट केला नाही. म्हटलं, होऊ दे त्याचं.

चौथा ते तिसरा झक्क उतरलं. वळणावर कपाट कठड्याच्या वर उचलायचं, शेपटी, म्हणजे मागचं टोक, कठड्यावरून फिरवायची, परत खाली घ्यायचं. काकाला ते झोपेतही येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, आडवं कपाट आणि सहा पुरुष बघितले आणि मला म्हणाल्या, "अगं, वडील कालच गेले आणि तुम्ही लगेच घर सोडताय?"

"नाही हो. तालीम आहे," मी म्हटलं.

"कसली?"

काय सांगणार? "उद्या सांगते," म्हटलं, आणि पुढे झाले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घोडं अडलं. काकाने सवयीने "वर घ्या" म्हटलं, सगळ्यांनी कपाट वर घेतलं, आणि कपाटाचा कोपरा थेट त्या लाल पेटीच्या खाली जाऊन बसला. ती पेटी दोन वर्षांपूर्वी लावली. काकाचा गुडघा गेला तीन वर्षांपूर्वी, तेव्हापासून तो लिफ्टनेच येतो. कागदावरचे त्याने फक्त माणसांचे रकाने वाचले होते, आणि त्याच्या डोक्यातल्या जिन्यावर ती पेटी नव्हतीच.

"मागे घ्या!" काका ओरडला. मागच्यांनी मागे घेतलं, पुढच्यांना कळेपर्यंत ते पुढे चालले होते. एक जुळा म्हणाला डावीकडे, दुसरा म्हणाला तुझं डावं का माझं डावं. लंबूचं बोट कपाट आणि कठड्याच्या मध्ये आलं आणि तो किंचाळला. काका आणखी जोरात ओरडला. भिंतीचा पोपडा खाली पडला. माझा नवरा पांढराफटक.

मी वरच्या पायरीवर होते. खरं सांगते, ओरडायला तोंड उघडलं होतं. मग लंबूचे घाबरलेले डोळे दिसले आणि बाबांनी पंचविशीत मला बसवून काय सांगितलं होतं ते एकदम समजलं. ऐकून माहीत होतं, समजलं त्या क्षणी.

"सगळे थांबा," मी म्हटलं. हळूच. "कुणी हलू नका. लंबू, बोट कुठलं? बरं. जुळ्यांनो, फक्त तुम्ही, चार बोटं खाली. अजून. लंबू, बोट काढ. आता सगळे खाली, मांडीपर्यंत. पुढचे एक पाऊल पुढे. पेटीच्या खालून गेलं का? गेलं. आता वर. फिरवा."

कपाट फिरलं. खालच्या मजल्यापर्यंत मीच बोलत गेले, आणि कुणी विचारलंही नाही की आता हाळी कोणाची. खाली टेकवल्यावर एक जुळा म्हणाला, "ताई, आता हे परत वर न्यायचंय." तेव्हा सगळ्यांना एकदमच शिव्या आठवल्या.

काका मात्र दुसऱ्या मजल्याच्या पायरीवरच बसून राहिला होता. मी वर जाऊन त्याच्या शेजारी बसले. तो गुडघा चोळत होता.

"ती लाल पेटी कधी लावली?"

"दोन वर्षं झाली."

"दादा बोलला नाही कधी. मला त्याला खाली न्यायचं होतं गं. त्याच्यामागे आता मी एकटाच राहिलो."

माझ्याकडे त्याला हरवायला बरंच काही होतं. पोपडा होता, लंबूचं बोट होतं. मी ते काढलं नाही. "काका," मी म्हटलं, "हाळी देणाऱ्याचा हात सामानाला लागत नाही. तुला बाबांना धरायचंय, का नुसतं त्यांच्यापुढे चालायचंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "आणि मग तुझा हात?"

"माझा नाही लागणार."

"चालेल तुला?"

चालणार नव्हतं. रात्रभर त्याच विचारात होते. "मला त्यांना नीट खाली न्यायचंय," मी म्हटलं. "दोन्ही नाही मिळत एका माणसाला."

काका कठड्याला धरून उठला. "उजवा मागचा कोपरा माझा. पण एक सांगून ठेवतो. तुझा आवाज चढला, फाटला, काही झालं, तर तिथून पुढे मी घेईन. तिथल्या तिथे."

"कबूल," मी म्हटलं.

गुरुवारी सव्वानऊला पेटी बंद केली. आईने झाकण लावायच्या आधी बाबांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "चला." मी दारात उभी राहिले, पाठ जिन्याकडे, तोंड बाबांकडे. सहा माणसं वाकली. काका उजव्या मागच्या कोपऱ्यात.

"हात घाला. तयार? उचला."

चार मजले. किती वेळ लागला विचाराल तर नऊ मिनिटं, नवऱ्याने घड्याळ बघितलं होतं. मला आठवतो तो पेटीचा कोपरा, भिंत, आणि मधली दोन बोटांची जागा. पायरी. पायरी. थांबा. वर घ्या. फिरवा. खाली. लाल पेटीपाशी मी म्हटलं, "इथे मांडीपर्यंत," आणि बाबांची पेटी त्या लाल पेटीच्या खालून अशी गेली की जणू ती तिथे नव्हतीच. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. आई मागून एकेक पायरी उतरत होती. आवाज चढला नाही. मला माझाच अभिमान वाटत होता, आणि बाबांना हे सांगायची सोय नव्हती याचं इतकं वाईट वाटत होतं की मी पुढची पायरी जरा घाईने सांगितली. मग सावरले.

आणि मग, सगळं इतकं छान झाल्यावर, मी माती खाल्ली.

हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या, माणसं शंभर येणार होती, म्हणून आमच्या गोदामातून आदल्या रात्रीच इमारतीखाली आणून ठेवलेल्या चाळीस घडीच्या खुर्च्या न्यायच्या होत्या. शिवाय फोटोचं टेबल, आईसाठी हातांची खुर्ची. ट्रकमध्ये काय कुठे जाईल त्याची यादी मीच केली होती, रात्री, नेहमीच्या पद्धतीने. जड आधी, केबिनला टेकवून, दोन पट्ट्यांनी बांधून. मग हलकं. माणसांनी यादीप्रमाणे भरलं. कुणाच्याही मनात आलं नाही. कसं येणार? तीस वर्षं असंच भरतोय.

हॉलच्या दारापाशी लोक दोन रांगा करून उभे होते. मऊसाहेब हातमोजे घालून पुढे आले, ट्रकचं मागचं दार त्यांनी स्वतः, फार आदबीने उघडलं. आत खुर्च्या. तळापासून छतापर्यंत चाळीस खुर्च्या, आणि त्यांच्या मागे कुठेतरी बाबा.

मऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. परवाच्या त्या "तुम्हाला"ची परतफेड करायला याहून चांगली संधी मिळाली नसती, पण माणूस भला. "वेळ आहे आपल्याकडे, ताई," एवढंच म्हणाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबांच्या शेवटच्या कामात, बाबांचीच मुलगी, शंभर लोकांसमोर!

"जड आधी," माझ्या मागून आई म्हणाली. तिच्या तोंडावर हसू होतं, आठ महिन्यांनंतरचं पहिलं. "बरोबरच लावलंय की. यात त्यांनी एक चूक काढली नसती."

कुणीतरी फसकन हसलं. मग रांगेतला पहिला माणूस, बाबांचं जुनं गिऱ्हाईक, पुढे झाला आणि म्हणाला, "द्या इकडे एक." लंबूने त्याच्या हातात खुर्ची दिली. मग दुसऱ्याने घेतली. काळ्या कपड्यांतली माणसं, बायका, बाबांचे डॉक्टरसुद्धा, एकेक खुर्ची घेऊन आत निघाले आणि जिथे जागा दिसली तिथे मांडून बसले. दहा मिनिटांत ट्रक रिकामा झाला. आमचं सामान गिऱ्हाइकांनी उतरवल्याची ही पहिलीच वेळ.

मग बाबा. ट्रकमधून दारापर्यंत, दारातून मधल्या वाटेने. मी उलट्या पावली, खुर्च्यांच्या मधून, मान न वळवता. सरळ. सरळ. जरा डावीकडे. पुढे चौथरा होता, कमरेएवढा, काळ्या कापडाचा.

"थांबा. कापडाच्या वर घ्या. पुढे. अजून एक पाऊल. आता खाली, हळू. खाली. खाली."

पेटी चौथऱ्याला लागली. आता आमच्याकडची एक गोष्ट सांगते. सामान खाली लागलं म्हणून कुणी हात काढत नाही. हाळी देणारा चारही कोपरे बघतो, हलत नाही ना ते बघतो आणि म्हणतो, "टेकलं." ते ऐकल्यावरच हात निघतात. त्याआधी नाही, बोट चेंगरलं तरी नाही.

मी चारही कोपरे बघितले. चारही नीट बसले होते. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

चढला नाही, फाटला नाही, नुसता आलाच नाही. टेकलं म्हटलं की काम झालं. मग पट्टे गोळा करायचे, ट्रक बंद करायचा, पुढच्या पत्त्यावर जायचं. हे काम झालं असं मी कसं सांगणार होते? माझे बाबा होते ते. मला अजून सात वळणं हवी होती, अजून चार मजले, मी दिवसभर उलटं चालले असते.

सहा माणसं वाकलेली, हात पेटीखाली. लंबूच्या कपाळावर घाम. मऊसाहेब अर्धं पाऊल पुढे आले आणि थांबले. काकाचा उजवा गुडघा थरथरायला लागला होता, पँटचं कापड हलताना मला दिसत होतं. आता काका बोलणार, मला वाटलं. तसं ठरलंच होतं, त्याचा हक्क होता. मी त्याच्याकडे बघितलं.

काकाने मान वर केली. गाल ओले होते. "वेळ घे, पोरी," तो म्हणाला. "आम्ही धरलंय."

कुणीही हात हलवला नाही. जुळेसुद्धा गप्प होते. नवरा नंतर म्हणाला की ते पूर्ण दीड मिनिट होतं, आणि तो गणिताचा मास्तर आहे, तेव्हा असेल. मी तेवढा वेळ बाबांकडे बघत उभी राहिले आणि कुणी मला घाई केली नाही.

मग मी म्हटलं, "टेकलं." पहिल्या रांगेच्या मागे ऐकूही गेलं नसेल. पाच जणांनी हात काढले आणि सगळ्यात शेवटी काकाने काढले.